टेलिस्कोप नंतर घ्या, आधी समुद्राकडे तोंड करून उभे रहा

पहिलं सांगतो, टेलिस्कोप घेऊ नका. निदान या वर्षी तरी नको. मी घेतला होता ऑनलाइन, खोक्यावर कडीवाल्या शनीचा झकास फोटो आणि खाली '६७५ पट मोठं दिसेल' असं लिहिलेलं, घरी आणून गच्चीवर लावला तर स्टँड असा लटपटायचा की चंद्रसुद्धा डोळ्यासमोरून पळून जायचा, आणि शनी तर सापडलाच नाही कारण मुळात शनी कुठला हेच मला माहीत नव्हतं. मग पावसाळा आला, टेलिस्कोप कपाटात, आणि चवथीला घर साफ करताना बाहेर काढला तर काचेवर बुरशी. गोव्याच्या हवेत काचेचं काहीही घेतलंत तर ते झाकणबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवायचं, हे त्या पैशांत शिकलो.

तर सुरुवात डोळ्यांनी करायची. आणि आपल्याला एक फायदा आहे जो पुण्याच्या लोकांना नाही, आपल्याला होकायंत्र लागत नाही. समुद्राकडे तोंड करा, समोर पश्चिम. डावा हात दक्षिण, उजवा हात उत्तर, पाठीमागे सह्याद्री म्हणजे पूर्व. किनारा थोडा तिरका आहे त्यामुळे अगदी काटेकोर नाही, पण आकाश बघायला एवढं पुरतं.

दुसरं माप म्हणजे मूठ. हात सरळ ताणून मूठ धरा, आकाशात ती साधारण १० अंश झाकते. क्षितिजापासून डोक्यावरपर्यंत नऊ मुठी. आता उत्तरेला वळा आणि क्षितिजापासून दीड मूठ वर बघा, तिथे ध्रुव. दीडच का, तर तुम्ही विषुववृत्तापासून जितके अंश उत्तरेला असता तितकाच ध्रुव वर दिसतो आणि पणजी आहे साडेपंधरा अंशांवर. दिल्लीवाल्याला तोच जवळजवळ तीन मुठी वर दिसतो. आपल्याकडे तो बहुतेक वेळा माडाच्या झावळांत किंवा शेजाऱ्याच्या पाण्याच्या टाकीमागे असतो, आणि तसा तो काही फार तेजस्वी पण नाही, त्यामुळे 'ध्रुव दिसला नाही' म्हणून नाराज होऊ नका. उत्तरेकडचं जे खाली जातं त्याची भरपाई दक्षिणेला होते, त्यावर येतो पुढे.

कधी बघायचं? नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जून ते सप्टेंबर विसरा, मे महिन्यात दमट धुरकट असतं पण चालून जातं. तारे बघायचे असतील तर अमावास्येच्या आगेमागे चारेक दिवस. कुठून? कळंगुट-बागा बाजूला शॅकच्या लाईटमधे काही होणार नाही. पेडण्यातलं केरी, काणकोणातलं गालजीबाग, किंवा आत चोर्ला घाटाकडे, नेत्रावळीकडे जा. गालजीबागला कासवं अंडी घालायला येतात, तिथे टॉर्च फिरवू नका, बाकीच्या ठिकाणीसुद्धा टॉर्चला लाल जिलेटीन लावा आणि मोबाईल खिशात. अंधारात डोळे सरावायला वीस मिनिटं तरी लागतात आणि एक व्हॉट्सअ‍ॅप उघडलं की परत पहिल्यापासून.

आता चंद्र. सगळे पौर्णिमेला चंद्र बघतात आणि तेव्हाच तो सगळ्यात बोअर असतो, ऊन समोरून पडलेलं, सावल्याच नाहीत. सप्तमी-अष्टमीला बघा, उजेड आणि अंधार जिथे मिळतात त्या रेघेवर खड्ड्यांच्या सावल्या लांब पडतात, साध्या दुर्बिणीतून, ती पक्षी बघायची असते ना तीच, खडबडीत दिसतो अगदी, खापरासारखा. आणि तिथी ही काही नुसती उपासाची सोय नाहीये. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकला की एक तिथी झाली. म्हणजे रोज एक मूठ आणि वर थोडं. अमावास्येनंतर तीनचार दिवस संध्याकाळी त्याच वेळेला त्याच जागेवर उभं राहून मुठी मोजा, पंचांग तुमच्या हातावर चालताना दिसेल. (चवथीला चंद्र बघायचा नसतो, माहीत आहे, पण भाद्रपदात तसंही ढगच असतात.)

याच सरकण्यामुळे चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, आणि भरतीपण रोज साधारण तेवढीच पुढे जाते. आमच्याकडे रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढणारे एक काका आहेत, त्यांना मी हे मोठ्या उत्साहाने सांगायला गेलो तर म्हणाले, 'बाबा, तिथी सांग, भरती कितीला ते मी सांगतो.' आणि सांगितलं पण. पौर्णिमा आणि अमावास्येला सूर्य चंद्र पृथ्वी एका ओळीत, दोघांची ओढ एकत्र, म्हणून उधाण. अष्टमीला दोघं काटकोनात, म्हणून भरती मरगळलेली.

ग्रह ओळखायचे दोन नियम. एक, तारा लुकलुकतो, ग्रह स्थिर असतो, कारण तारा इतका लांब की नुसता बिंदू, त्याचा किरण आपल्या हवेत जरा हलला की लगेच कळतं, ग्रहाची मात्र बारीकशी का होईना चकती असते. दोन, ग्रह आकाशात वाटेल तिथे नसतो, सूर्य आणि चंद्र ज्या वाटेने जातात त्याच वाटेवर असतो. उत्तरेला सप्तर्षींच्या बाजूला काहीतरी झगमगतंय तर तो ग्रह नाही, बहुतेक दाबोळीला किंवा मोपाला उतरणारं विमान असेल.

शुक्र कायम सूर्याच्या मागेपुढे, पावणेपाच मुठींच्या वर लांब जातच नाही, म्हणून तो संध्याकाळी पश्चिमेला नाहीतर पहाटे पूर्वेला, मध्यरात्री कधीच नाही. गुरू बारा राशी बारा वर्षांत फिरतो, दर राशीत साधारण एक वर्ष, म्हणून तर नाशिकचा सिंहस्थ बारा वर्षांनी, गुरू सिंहेत आला की. शनीला पूर्ण फेरीला साडेएकोणतीस वर्षं, म्हणजे एका राशीत अडीच वर्षं, आणि तीन राशी गुणिले अडीच किती? साडेसात. साडेसातीचं भ्यायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा, गणित मात्र खरं आहे.

गुरूसाठी एक करून बघाच. १० बाय ५० ची (म्हणजे दहा पट मोठं दाखवणारी, पुढची काच ५० मिलिमीटरची) दुर्बीण घ्या, भिंतीला किंवा गाडीच्या टपावर कोपरं टेकवा (हातात धरली तर थरथरते), गुरूच्या दोन्ही बाजूंना ओळीत बारीक ठिपके दिसतील, ते गुरूभोवती फिरणारे त्याचे चंद्र. वहीत काढा, गोल आणि ठिपके. दुसऱ्या दिवशी परत काढा. चार दिवसांत ठिपके जागा बदललेले, कधी चार कधी तीन. १६१०च्या जानेवारीत गॅलिलिओने हेच केलं, आणि सगळं काही पृथ्वीभोवतीच फिरतं ही समजूत तिथे हलली. शनीची कडी मात्र या दुर्बिणीत दिसत नाही, त्याला छोटा का होईना टेलिस्कोप पाहिजे. २०२५ मधे ती कडी आपल्या बाजूने कडेवर आली होती, नुसती रेघ, आता हळूहळू परत उघडतेय. त्यासाठी पणजीत असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ अ‍ॅस्ट्रॉनॉमीची हौशी मंडळी आहेत, ते लोकांना आकाश दाखवतात, विकत घेण्याआधी त्यांच्याकडच्या टेलिस्कोपला डोळा लावून या.

ताऱ्यांत सुरुवात मृगापासून. इथे आपल्या लोकांचा हमखास गोंधळ होतो, 'मृग लागला' जूनच्या सात-आठ तारखेला, मग मृग बघायला जूनमधे जायचं का? उलट. मृग लागला म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात गेला, म्हणजे तो दिवसा उजेडात हरवला. बघायचा तो डिसेंबर-जानेवारीत, रात्री नऊला पूर्वेकडे नाहीतर पार डोक्याच्या आसपास. मधले तीन तारे एका ओळीत, तो बाण. बाणाच्या एका बाजूला तांबूस काक्षी, दुसऱ्या बाजूला पांढरानिळा राजन्य. हा रंग नीट बघा. लोहाराच्या भट्टीत लोखंड आधी लाल होतं, जास्त तापलं की पिवळं, मग पांढरं. ताऱ्याचं तसंच, काक्षी वरून साधारण ३३०० अंश सेल्सिअस, आपला सूर्य ५५००, राजन्य १२,००० च्या घरात. म्हणजे लाल तो थंड. बाणाची ओळ खाली वाढवली की व्याध, रात्रीच्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा, आणि त्याच्याखाली दक्षिणेला अगस्ती. व्याधाचा उजेड साडेआठ वर्षांपूर्वी निघालेला, अगस्तीचा तीनशेहून जास्त वर्षांपूर्वी, म्हणजे गोव्यात अजून पोर्तुगीज होते तेव्हा.

आता ती दक्षिणेची भरपाई. मेच्या मध्यात रात्री नऊ-साडेनऊला डाव्या हाताला, क्षितिजापासून दीड मूठ वर, छोटा पतंगासारखा क्रूस, त्रिशंकू. दिल्लीत तो जवळजवळ दिसतच नाही. त्याच्या डावीकडे दोन ठळक तारे, त्यातला जास्त डावीकडचा मित्र, सूर्यानंतर नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्यांतला आपला सगळ्यात जवळचा शेजारी, ४.४ प्रकाशवर्षं, म्हणजे उजेडाला तिथून यायला तेवढी वर्षं लागतात. जवळचा म्हणजे किती ते मला म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कळलं, बायको भाजी घेत होती आणि मी नारळाकडे बघत हिशेब करत होतो. सोललेला नारळ, १२ सेंटीमीटरचा, तो सूर्य धरा. पृथ्वी मग राईचा दाणा, नारळापासून तेरा मीटरवर. चंद्र रव्याचा कण, राईपासून तीन सेंटीमीटर. गुरू म्हणजे छोला, ६७ मीटरवर. शेवटचा नेपच्यून चारशे मीटरच्या आत, बाजार ओलांडून जरा पुढे. आणि मित्र? दुसरा नारळ थेट सिंगापूरच्या आसपास. मधे काही नाही. नारळवाली म्हणाली, घेणार की नुसताच बघणार.

असे नारळ आपल्या आकाशगंगेत निदान दहा हजार कोटी. आणि अशा आकाशगंगा कितीतरी, त्यातली एक डोळ्यांनी दिसते, देवयानी. नोव्हेंबरात रात्री नऊला चोर्ल्यासारख्या काळ्याकुट्ट जागी उत्तरेकडे वर शर्मिष्ठा या तारकासमूहाचा इंग्रजी एम शोधा, त्याचा जास्त टोकदार कोन ज्या बाजूला बोट दाखवतोय तिकडे दीड मूठ जा, आणि सरळ रोखून न बघता जरा बाजूला बघा, डोळ्याच्या कडेला अंधुक उजेड जास्त कळतो. पुसट लांबट डाग दिसेल. २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला उजेड. मी पहिल्यांदा दाखवला तेव्हा बायको म्हणाली ढगाचा तुकडा आहे. थर्मासमधला चहा संपेपर्यंत थांबलो, ढग काही ताऱ्यांमधून हलला नाही.