जुन्या छोट्या कारसाठी ब्रेक पॅड घेताना या चुका टाळा

साताऱ्याहून यवतेश्वर घाटाने कासला जाऊन परतणाऱ्या किंवा पाचगणीहून पसरणी घाटाने वाईत उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक सपाटीवरच्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त तापतात. तरीही दहा-पंधरा वर्षे जुन्या गाडीचे पॅड बदलताना बहुतेक मालक दुकानात केवळ गाडीचे नाव सांगतात, आणि पहिली चूक तिथेच होते. एकाच नावाच्या गाडीत उत्पादनाच्या वर्षानुसार आणि व्हेरियंटनुसार कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) व डिस्क (चाकाबरोबर फिरणारी चकती) बदललेली असू शकते, त्यामुळे पॅडचा आकार किंवा जाडी थोडी वेगळी निघते. चॅसी नंबरवरून पार्ट नंबर काढून घ्यावा आणि जुना पॅड सोबत नेऊन नव्याशी ताडून पाहावा. ठोकून किंवा घासून बसवावा लागणारा पॅड परत करणेच योग्य.

दुसरी चूक म्हणजे केवळ किंमत पाहणे. अनेक पॅडच्या कडेवर किंवा मागच्या पत्र्यावर ‘एफएफ’, ‘एफई’ अशी दोन अक्षरे छापलेली असतात. पहिले अक्षर कमी तापमानातले घर्षण सांगते आणि दुसरे तापल्यानंतरचे. ई म्हणजे घर्षणांक (पकडीचे माप) ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५. म्हणजेच ‘एफई’ पॅडची पकड तापल्यावर एक पायरी खाली येऊ शकते, आणि घाटात नेमकी तेव्हाच तिची गरज असते. अर्थात ही अक्षरे पॅड किती टिकेल हे सांगत नाहीत, आणि मूळ पॅडपेक्षा फार जास्त पकडीचा पॅड लावल्याने पुढच्या व मागच्या ब्रेकचा समतोल बिघडू शकतो. म्हणून कंपनीने दिलेल्या दर्जाच्या जवळपासच राहावे, असे माझे ठाम मत आहे.

एकाच चाकाचे पॅड बदलू नयेत, कारण ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढली जाते.

जुन्या गाड्यांत सर्वाधिक दुर्लक्ष होते ते पॅड झिजण्याच्या कारणाकडे. एकाच चाकातला आतला पॅड संपत आला आणि बाहेरचा निम्मा शिल्लक असेल, तर दोष बहुधा कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या अडकलेल्या पिनांचा किंवा पॅडला ढकलणाऱ्या, पण नीट मागे न सरकणाऱ्या पिस्टनचा असतो. पावसाळ्यात पिनांचे रबर फाटून पाणी आत गेले की गंज धरतो. अशा वेळी कितीही चांगले पॅड आणले तरी ते तसेच वाकडे झिजणार. म्हणून पिना साफ करून त्यांना ब्रेकसाठीचेच ग्रीस लावून घ्यावे. डिस्कची जाडीही मोजावी. किमान मर्यादा बहुधा डिस्कवरच कोरलेली असते.

नवे, जाड पॅड बसवण्यासाठी पिस्टन मागे दाबताना ब्रेक ऑईल त्याच्या टाकीत परत येते. जुने पॅड झिजलेले असताना टाकी काठोकाठ भरली असेल, तर ते बाहेर सांडून रंग खराब करते. काम झाल्यावर गाडी हलवण्यापूर्वी पेडल घट्ट लागेपर्यंत दाबावे आणि सुरुवातीचे काही दिवस अचानक जोरात ब्रेक मारणे टाळावे. पॅड काढल्यावर साचलेली धूळ मात्र हवेच्या फवाऱ्याने उडवू देऊ नये, कारण जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ती ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.