दिवाळीच्या सुट्टीतली गाण्याची बैठक आणि वीस माणसांचं तांबडं-पांढरं

दिवाळीच्या सुट्टीत गाणी ऐकणारी वीसेक माणसं एका घरात जमणार म्हटलं की कोल्हापुरात जेवण काय हे विचारावं लागत नाही. गाणी काढायला सगळे तयार असतात, मटण टाकायलाही. बिघडतं ते दोन्हींच्या वेळा एकमेकींवर आदळल्यामुळे. अंतरा रंगात आलेला असतो आणि आत मिक्सर घरघरायला लागतो. नाहीतर एका शब्दाच्या अर्थावरून बोलणं असं रंगतं की तोवर भाकऱ्या चामट होऊन जातात. म्हणून आधी वेळ बांधा, मगच पातेलं चढवा.

तारखेपासूनच काळजी घ्यावी लागते. भाऊबीजेनंतरचा रविवार सगळ्यांना सोयीचा असतो, पण तो कार्तिकी एकादशीच्या आधीच येतो आणि चातुर्मास पाळणारे एकादशीपर्यंत मटणाला हात लावत नाहीत. ज्यांच्या गळ्यात माळ आहे त्यांना तर बारा महिने चालत नाही. ग्रुपवर नुसतं ‘काय खाता?’ विचारलं की निम्मे ‘काहीही चालतं’ असं कळवतात आणि त्या दिवशी ताटावर बसल्यावर उपास निघतो. प्रश्न उलटा विचारा: ‘त्या दिवशी काय चालत नाही?’ त्यातच माळ, चातुर्मास, कांदा-लसूण, तिखट किती झेपतं हे येऊ द्या. काजू, तीळ, शेंगदाणा यांची कुणाला ॲलर्जी आहे का, हे नक्की विचारा. पांढऱ्या रश्श्यात काजू आणि तीळ दोन्ही वाटलेले असतात आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत.

कोल्हापुरात जैन मित्र नाहीत असा कंपू विरळा. त्यांच्यातले बरेच जण सूर्यास्तापूर्वी जेवतात आणि नोव्हेंबरात सूर्य सहाच्या आसपास मावळतो. त्यांची पंगत सव्वापाचला बसलीच पाहिजे. रात्री नऊला ‘तुमच्यासाठी वेगळं काढून ठेवलंय’ म्हणण्यात काही अर्थ नाही.

त्याच निरोपात प्रत्येकाकडून एक गाणं आणि त्यातली एकच ओळ मागवा, जिच्या शब्दांवर त्याला बोलायचं आहे. ‘आवडतं गाणं’ एवढंच मागितलं तर वीस गाणी येतील आणि बोलायला कुणाकडेच काही नसेल. ओळ मागितली की माणूस ते गाणं पुन्हा ऐकतो. आलेल्यांतली आठ निवडा. एक गाणं साधारण चार मिनिटांचं, त्यावरचं बोलणं दहा मिनिटांचं, म्हणजे आठ गाण्यांना दोन तास सहज लागतात. नववं गाणं घेतलं की जेवण लांबतं.

वेळापत्रक असं ठेवा. मटण सकाळी आणा. दुपारी दोनपर्यंत सगळी वाटणं करून घ्या, मिक्सर त्यानंतर लावायचाच नाही. जैन आणि माळकरी मंडळींचा स्वयंपाक सगळ्यात आधी, स्वच्छ ओट्यावर, वेगळ्या पळी-डावांनी करा. साडेतीनला अळणी, म्हणजे दोन्ही रश्श्यांसाठीचं मटणाचं बिनतिखटाचं पाणी, शिजायला घाला. सव्वापाचला पहिली पंगत. सव्वासहा ते सव्वाआठ गाणी. साडेआठला मोठी पंगत. गाणारी माणसं असतील तर त्यांनाही जेवण नंतरच द्या. तिखट, तेलकट पोटावर बसून गायचं म्हणजे श्वास अपुरा पडतो आणि आंबट ढेकर सुरात येतो. बैठकीत त्यांच्या हाताशी फक्त कोमट पाणी असू द्या.

आता मटण. वीसपैकी चौदा जण खाणारे धरले तर तीन किलो पुरतं, एका किलोत पाच माणसं हा हिशेब ठेवावा. त्यात नळ्या आणि हाडं हवीतच, नाहीतर अळणीला अंगच येत नाही. पंधरा लिटरच्या पातेल्यात चार चमचे तेल, तीन उभे चिरलेले कांदे, १२० ग्रॅम लसूण आणि ७५ ग्रॅम आल्याचं वाटण घाला. मटण टाकून स्वतःचं पाणी सुटेपर्यंत परता, बेताचं मीठ घाला. वर खोलगट झाकण ठेवून त्यात पाणी ओता. ते तापलं की तेच आत घालायचं. असं करत एकूण सात लिटर गरम पाणी घातलं तर शेवटी सहाएक लिटर अळणी हाती येतं. कोवळं बोकड असेल तर सव्वा तास, नाहीतर पावणेदोन तासही लागतात.

इथं एक चूक वारंवार होते. सवयीनं मटणाला हळद लावली जाते आणि मग पांढरा रस्सा पिवळा होतो. तो नंतर कशानंही पांढरा होत नाही. हळद घालायची ती तांबड्यात आणि सुक्यात, अळणीत नाही.

पांढऱ्यासाठी अडीच लिटर अळणी गाळून बाजूला काढा. ६० ग्रॅम काजू, ४० ग्रॅम पांढरे तीळ आणि ४० ग्रॅम खसखस तासभर गरम पाण्यात भिजवून अगदी गंधासारखं वाटा. खसखस कमी भिजली तर रस्सा जिभेला खरखरीत लागतो. दोन मोठ्या नारळांचं दाट दूध साधारण सहाशे-सातशे मिलिलिटर निघतं. तीन चमचे तुपात आठ लवंगा, आठ वेलच्या, पंधरा मिरे, चार दालचिनीचे तुकडे, चार तमालपत्रं आणि चार-पाच मोडलेल्या हिरव्या मिरच्या टाका. वाटण घालून मंद आचेवर परता, रंग बदलू देऊ नका. मग अळणी घालून एक उकळी आणा. नारळाचं दूध अगदी शेवटी, आच बारीक करून, धार धरून, सतत ढवळत घाला. त्यानंतर खळखळून उकळी आली की रस्सा फुटतो, वर पाणी आणि खाली कण अशी त्याची गत होते. फुटलाच तर दोन पळ्या रस्सा मूठभर भिजवलेल्या काजूंबरोबर वाटून परत मिसळा, बराचसा सावरतो. पंगतीआधी तापवताना पातेलं थेट आचेवर न ठेवता उकळत्या पाण्याच्या मोठ्या भांड्यात ठेवा. झाकण घट्ट लावू नका.

तांबड्याचा जीव चटणीत. कोल्हापुरात चटणी म्हटलं की कांदा-लसूण चटणीच. संकेश्वरी मिरची तिखटपणाला, ब्याडगी रंगाला. तीन लिटरभर अळणीला पाच-सहा मोठे चमचे चटणी लागते. पण चटणी घरोघरी वेगळी असते, म्हणून चार चमच्यांवर थांबून चव बघा. वाटणाला १५० ग्रॅम सुकं खोबरं खरपूस भाजून, ५० ग्रॅम तीळ, ३० ग्रॅम खसखस, चार भाजलेले कांदे, दोन टोमॅटो आणि मूठभर कोथिंबीर घ्या. तेलात वाटण कडेनं तेल सुटेपर्यंत परता, चिमूटभर हळद टाका, मग चटणी. चटणी पडल्यावर तुमच्या हातात अर्धा मिनिटच असतो. लगेच एक पळी गरम अळणी घातलं नाही तर ती करपते, रंग काळपट होतो आणि कडवट वास अख्ख्या पातेल्याला लागतो. गार पाणी कधीच घालू नका, तवंग वर येत नाही. तिखट जास्त झालं म्हणून पाणी ओतणं हा तर रश्श्याचा घात. राखून ठेवलेलं अळणी आणि थोडं भाजलेलं खोबरं वाटून घाला. म्हणूनच अर्धा लिटर अळणी शेवटपर्यंत बाजूला असू द्यावं.

सुक्याला शिजलेले तुकडे, तांबड्याच्याच वाटणातलं थोडं, चटणी आणि भरपूर परतणं, एवढं पुरे.

न खाणाऱ्यांसाठी अख्खा मसूर उत्तम. सहा माणसांना ४०० ग्रॅम. पण रोजच्या हातानं त्यात कांदा-लसूण चटणी पडते आणि कांदा-लसूण न खाणाऱ्याच्या ताटात ती नकळत जाते. त्यांच्यासाठी साधं लाल तिखट, गूळ आणि शेंगदाण्याचं कूट वापरून वेगळा मसूर करा. जैन मंडळींसाठी कंदमुळं पूर्ण वर्ज्य धरा, म्हणजे बटाट्याबरोबर ओलं आलंही गेलं. त्यांना मुगाची आमटी आणि कूट घालून केलेली दोडक्याची भाजी द्या.

भाकरी वीस माणसांना पस्तीसच्या आसपास लागते, म्हणजे तीन ते साडेतीन किलो ज्वारीचं पीठ. पीठ आठवड्याच्या आतलं घ्या. जुन्या पिठाची विरी म्हणजे चिकटपणा जातो, भाकरी थापताना कडेला चिरते आणि कितीही गरम पाणी घातलं तरी हवा तसा पापुद्रा सुटत नाही. थापण्याचा आवाज बैठकीच्या खोलीत येतो, तालात नसतो आणि ऐकणाऱ्याचं लक्ष उडवतो. सरळ ओळखीच्या भाकरी करणाऱ्या मावशींकडे सव्वाआठची वेळ सांगून ठेवा आणि सुती फडक्यात गुंडाळून डब्यात आणा. गरम भाकऱ्या स्टीलच्या डब्यात तशाच कोंबल्या तर वाफेनं खालच्या ओल्या होतात. भाताला सव्वा किलो तांदूळ. आजऱ्याचा घनसाळ फार सुगंधी, पण पांढऱ्याबरोबर मला साधाच तांदूळ योग्य वाटतो. दोन सुगंध एकमेकांना मारतात.

पातेली चढली की शब्दांकडे वळायचं, खरं तर हे काम आदल्या आठवड्यातच संपायला हवं. इंटरनेटवरचे गाण्यांचे शब्द जसेच्या तसे छापू नका. ‘ण’चा ‘न’, ‘ळ’चा ‘ल’ झालेला असतो, अनुस्वार गळालेले असतात आणि कुणीतरी एकदा चुकीचं ऐकलेलं सगळीकडे उतरलेलं असतं. हेडफोन लावून, गाण्याचा वेग पाऊणपट करून, ओळ-ओळ थांबवत ऐका. गायक शब्द तालासाठी तोडतो, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येणारं अक्षर पुढच्या शब्दाला चिकटल्यासारखं वाटतं, तिथंच बहुतेक चुका होतात. ‘च’, ‘ज’, ‘झ’ कसे उच्चारलेत तेही टिपा. ‘चार’मधला च आणि ‘चारा’मधला च एक नाही, आणि चांगली गायिका हा फरक सुरातही सांभाळते.

छापील कवितेत चार कडवी आणि गाण्यात दोनच, असं दिसलं तर दचकू नका. ७८ गतीच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मावायची, त्यामुळे त्या काळी कडवी गाळावीच लागत. गाळलेलं कडवं मिळालं तर कागदावर वेगळ्या चौकटीत छापा. ते का गाळलं असेल यावर हमखास चांगलं बोलणं होतं.

कागदावर अक्षर सोळा पॉइंटचं, दोन ओळींत मोकळी जागा, वर कवी, संगीतकार, गायक. अडलेल्या जुन्या शब्दांसाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडा. त्याची दुसरी आवृत्ती १८५७ची आहे, त्यामुळे लावणी-पोवाड्यांतले आज विसरलेले कितीतरी शब्द त्यात सापडतात. गाणं लावण्याआधी एकानं शब्द चालीशिवाय, साध्या बोलण्याच्या सुरात वाचावेत. चाल डोक्यात असताना अर्थाकडे कान जात नाही. मग गाणं ऐकायचं, आणि बोलायचं ते त्यानंतर. ज्याची ओळ त्यानं सुरुवात करावी, दोन मिनिटांत.

ज्या शहरात अल्लादियाखाँसाहेब (१८५५–१९४६) शाहू महाराजांच्या दरबारी गायले आणि देवल क्लबसारखी संगीताची संस्था उभी राहिली, तिथं एखादी बंदिशही यादीत असावी. ब्रज भाषेतल्या त्या दोन ओळींचा अर्थ आधी मराठीत सांगा, नाहीतर ऐकणारे फक्त ताना मोजतात. सगळ्यांनी मिळून काही गायचं असेल तर पट्टी, म्हणजे कुठला सूर ‘सा’ धरायचा ते, आधी ठरवा. पुरुषांची साधारण पेटीची काळी एक-दोन, बायकांची काळी चार-पाच, एकाच पट्टीत सगळे ओढले की कुणाचा तरी गळा बसतो. ध्रुवपद सगळ्यांनी, अंतरे आळीपाळीनं, हे बरं.

पंगतीत गाणं लावू नका. भुरक्यांच्या आवाजात शब्द वाया जातात. तिथं शब्दांचा खेळ चालतो. मोठ्या अभंगाचं माप बोटांवर मोजायला सांगा: सहा-सहा-सहा-चार अक्षरं, दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक. समोरच्या ताटावरच करून बघायचं:

भाकरी गरम । दही वाटीतले ।
लोणी ताटातले । वाढा आता ॥

मोजा, बरोबर बसतं. ‘तांबडा पांढरा’ हीसुद्धा नेमकी सहा अक्षरं आहेत, पण माळकरी शेजारी बसले असतील तर ते माप त्यांच्यासमोर अभंगात बसवू नये.

उरलेला तांबडा रात्री गार करून फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी जास्त मुरतो. पांढरा मात्र त्याच रात्री संपवा, पुन्हा आचेवर तापवला की फुटतोच. शब्दांचे कागद जेवायच्या आधी गोळा करा आणि त्यांवर पेन्सिलनं झालेल्या दुरुस्त्या मूळ फाइलीत त्याच आठवड्यात चढवा. तवंगाचा डाग पडला की पेन्सिलीचं अक्षर वाचता येत नाही.