करवंदं जाळीतून बरणीत कशी आणावीत

करवंदाचं सगळं गणित त्याच्या चिकाशी आहे. चीक नीट काढला तर लोणचं झकास होतं, नाहीतर ओठ चिकटतात आणि घसा खवखवतो.

लोणच्यासाठी हिरवी, टणक करवंदं मार्च-एप्रिलमध्ये तोडावीत. काळी मैना, म्हणजे पिकलेलं काळं करवंद, एप्रिलअखेरीपासून मेभर मिळते. पाऊस लागला की फळ पाणचट होतं, अळ्याही पडतात.

करवंदीच्या काटेरी जाळीत हात घालण्याआधी काठीने बुंधा हलवा. खालच्या पाचोळ्यात फुरसं, म्हणजे छोटा विषारी साप, असू शकतं, आणि ते पाचोळ्याच्याच रंगाचं असतं. पायात बूट, अंगात लांब बाह्यांचा जाड शर्ट हवाच. करवंदीची पानं जाड, तुकतुकीत आणि समोरासमोर असतात, काटे लांब. फळ खुडलं की देठाशी दुधासारखा थेंब येतो. पण पांढऱ्या चिकाची विषारी झाडंही रानात असतात, त्यामुळे पहिल्यांदा गावातल्या जाणत्या माणसाबरोबरच जा. अभयारण्यात तोडू नका.

पिकलेलं करवंद बोटांत धरताच अलगद सुटतं. ओढावं लागलं तर राहू द्या. खाण्याआधी देठ काढून मिठाच्या पाण्यात अर्धा तास ठेवा. मग फोडून बघा: आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. लहानपणी या पैजेवर आम्ही द्रोणच्या द्रोण संपवायचो!

आता लोणचं. अर्धा किलो हिरवी करवंदं धुऊन घ्या. हाताला आणि सुरीला गोडं तेल चोळा. एकेक करवंद उभं चिरून बिया काढा आणि फोडी लगेच मिठाच्या पाण्यात टाका. तासाभरात पाणी गढूळ होईल. ते ओतून द्या, पुन्हा धुवा आणि फोडी फडक्यावर पसरून पार कोरड्या करा. इथे घाई केली की बुरशी आलीच.

80 ग्रॅम मीठ, 50 ग्रॅम मोहरीची डाळ, दोन मोठे चमचे तिखट, एक चमचा हळद आणि तळून कुटलेली चमचाभर मेथी फोडींना चोळा. वाटीभर तेलात मोहरी-हिंगाची फोडणी करा आणि ती पूर्ण गार झाल्यावरच ओता. बरणीत फोडींच्या वर बोटभर तेल राहिलं पाहिजे. कमी पडलं तर आणखी तापवून, गार करून घाला. रोज कोरड्या चमच्याने हलवा. आठ-दहा दिवसांत फोड मऊ होते, पण दाताखाली अजून करकरते. तेव्हा वाढायला घ्या.