घोडबंदर रोडवर जीव वाचवायचे आहेत? निवेदन देताना या चुका टाळा

ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या कुठल्याही सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रस्त्याचा विषय निघाला की चर्चा कोंडीचीच होते. माजिवड्यापासून गायमुखपर्यंत कोण कुठे किती वेळ अडकला, त्याचे फोटो पडतात आणि निवेदनंही त्याचीच जातात. अपघातात कुणी गेलं की दोन दिवस संताप होतो, मग पुन्हा कोंडी. ठाणेकरांच्या निवेदनांमधली सगळ्यात महागात पडणारी चूक हीच आहे: कोंडी आणि मृत्यू एकाच अर्जात घालणं.

कोंडीत दुचाकीवाला अवजड गाडीच्या चाकाखाली जाण्याचा धोका असतोच. पण पायी चालणाऱ्याचा खरा काळ येतो तो रस्ता मोकळा झाल्यावर. रात्री उशिरा कंटेनर, डंपर आणि मोटारी सुसाट सुटतात, आणि त्याच वेळी शेवटची पाळी संपवून आलेला एखादा वॉचमन दुभाजकाच्या कटमधून पलीकडे जात असतो. कोंडीवर आपण मागतो काय? रस्ता रुंद करा, कट बंद करा, सर्व्हिस रोड मुख्य रस्त्यात घ्या. यातून मोकळ्या वेळचा वेग वाढतो, ओलांडायचं अंतर वाढतं आणि चालायची जागा जाते. म्हणून जिवाचा अर्ज वेगळा करा. त्यात कोंडीचं एक वाक्यही नको.

'लोकांना शिस्तच नाही' इथे थांबू नका

१९९७ साली स्वीडनच्या संसदेने 'व्हिजन झिरो' हे धोरण स्वीकारलं. माणूस चुकणारच, पण त्या चुकीपायी त्याचा जीव जाता कामा नये, आणि तसा रस्ता देणं ही रस्ता बांधणाऱ्या-चालवणाऱ्यांची जबाबदारी, हा त्याचा गाभा. ऑस्लोमध्ये २०१९ साली एकही पादचारी किंवा सायकलस्वार वाहनाच्या धडकेने मेला नाही. तिथल्या लोकांच्याही चुका होतातच. पण शहराने वेगमर्यादा खाली आणल्या आणि रस्त्याकडेची पार्किंग कमी केली. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. एवढे सगळे बेशिस्त होते म्हणून गेले, असं म्हणणं मला पटत नाही.

सगळ्यात मोठा गुन्हेगार वेग आहे. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर कापते. म्हणजे ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर पोहोचेपर्यंत ती तीन-चार गाड्यांच्या लांबीइतकी पुढे गेलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार सरासरी वेग १ टक्क्याने वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो. हेच गणित उलटंही चालतं, आणि आपली सगळी मागणी त्यावर उभी राहायला हवी.

पादचारी पूल मागून मोकळे होऊ नका

अपघात झाला की पहिली मागणी पुलाची होते, आणि नेत्यांनाही ती आवडते, कारण पुलाचं उद्घाटन करता येतं. पण गुडघे दुखणारी आजी, दोन्ही हातांत पिशव्या घेतलेली बाई किंवा कडेवर मूल असलेला बाप दोन मजले चढून दोन मजले उतरत नाही. तो खालूनच जातो, आणि पूल आहे म्हणून खालचं क्रॉसिंग पुसून टाकलेलं असतं.

खालीच नीट ओलांडता येईल असं मागा: झेब्रा पट्टे, त्यांच्या अलीकडे गाड्यांसाठी थांबरेषा, वर दिवा, दुभाजकात उभं राहायला पुरेशी जागा आणि पादचाऱ्यांचा वेगळा सिग्नल. सिग्नलची वेळही मोजून मागा. साडेतीन मीटरच्या सहा लेन म्हणजे २१ मीटर. सेकंदाला १.२ मीटर चालणाऱ्याला ते ओलांडायला साडेसतरा सेकंद लागतात. हळू, ०.८ मीटरने चालणाऱ्या ज्येष्ठाला २६ सेकंदांहून जास्त. दुभाजकाची रुंदी यात धरलेली नाही. तुमच्या नाक्यावर हिरवा माणूस किती सेकंद टिकतो, घड्याळ लावून बघा.

स्पीड ब्रेकर कसाही चालेल, असं लिहू नका

आपल्याकडे 'गतिरोधक टाका' एवढंच लिहिलं जातं आणि रात्रीतून डांबराचा अरुंद, उंच ढिगारा पडतो. त्यावर पट्टे नाहीत, आधी फलक नाही. अशाने दुचाकीवरच्या मागे बसलेल्या बाया पडतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात ताशी २५ किलोमीटर वेगासाठी गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच आहे. अर्जात हे आकडे घाला. मात्र हा उपाय शाळा-सोसायटीच्या आतल्या रस्त्यांसाठी. मुख्य रस्त्यावर वेगमर्यादेची कॅमेऱ्याने अंमलबजावणी आणि चौकातलं वळण आवळणं मागा, म्हणजे डावीकडे वळणाऱ्या गाडीला वेग कमी करावाच लागतो.

मोघम अर्ज, तोही भलत्याच दारात

'वाघबीळ नाका धोकादायक आहे, योग्य ती कार्यवाही करावी.' असा अर्ज फाइलला लागतो आणि तिथेच राहतो. असा लिहा: 'मेट्रोच्या अमुक क्रमांकाच्या पिलरसमोरचा कट, ठाण्याकडे जाणारी बाजू, रात्री १० नंतर दिवे बंद, झेब्रा पट्टे पुसलेले.' सोबत वेगाचा पुरावा द्या. रस्त्यात न उतरता, फुटपाथवरून किंवा बाल्कनीतून व्हिडिओ घ्या. आधी ५० मीटर अंतरावरचे दोन खांब ठरवा. हे अंतर गाडी ३ सेकंदांत कापत असेल तर तिचा वेग ताशी ६०, साडेचार सेकंदांत कापत असेल तर ४०.

या रस्त्यावर महापालिका, सार्वजनिक बांधकाम विभाग, एमएमआरडीए आणि वाहतूक पोलीस अशा चौघांचा हात आहे. 'हे आमच्याकडे येत नाही' हे उत्तर म्हणूनच इतकं सहज मिळतं. एकच अर्ज चौघांना पाठवा आणि प्रत्येकाच्या प्रतीवर बाकी तिघांची नावं ठेवा. प्रत द्या जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला.

कासारवडवली, चितळसर आणि कापूरबावडी पोलीस ठाण्यांकडून गेल्या तीन वर्षांतले मृत्यू आणि गंभीर जखमींचे ठिकाणवार आकडे माहिती अधिकारात मागवा. राष्ट्रीय महामार्गांसाठी केंद्राने लावलेली ब्लॅक स्पॉटची, म्हणजे वारंवार अपघात होणाऱ्या जागेची, कसोटी अशी: सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात किंवा १० मृत्यू. घोडबंदर राज्याचा रस्ता असला तरी तुलनेला ही पट्टी हाताशी असू द्या. पण दहा बळींची वाट पाहायची गरज नाही. कुणी थोडक्यात वाचलं तर त्याचीही तारीख-वेळ लिहून ठेवा.

अपघातानंतर घाबरून बाजूला होऊ नका

जखमीला उचलून रिक्षात दुमडून बसवणं, पाणी पाजणं, हेल्मेट ओढून काढणं, हे टाळा. १०८ ला फोन करा. मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ चं संरक्षण आहे. नाव सांगायची सक्ती पोलीस करू शकत नाहीत. खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख, जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्या, असं मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितलं आहे. खड्डा बुजवण्याआधी त्याचा फोटो घ्या आणि पंचनाम्यात त्याचा उल्लेख आहे ना, हे स्वतः वाचून बघा. बऱ्याचदा तिथे फक्त 'वाहन घसरून' एवढंच असतं.

अर्ज दिला, काहीच हललं नाही?

पोच घेतली होती का, हे आधी बघा. नसेल तर पुन्हा आवक-जावक विभागात देऊन शिक्का घ्या. असेल तर रस्ता सुरक्षा समितीच्या बैठकीचं इतिवृत्त मागवा. त्यात तुमच्या जागेचं नाव नसेल तर पुढच्या विषयपत्रिकेत घ्यायला लेखी सांगा. नाव असेल तर काम कोणाकडे दिलंय ते त्यातच सापडतं, आणि पुढचा पत्रव्यवहार त्या एका अधिकाऱ्याशी करा. सदोष रचनेमुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर मोटार वाहन कायद्याच्याच कलम १९८-अ नुसार संबंधित यंत्रणेला किंवा ठेकेदाराला १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो. हे कलम पत्रात असलं की उत्तर लवकर येतं, असा माझा अनुभव आहे.

काम झालं की त्याच जागी, त्याच वेळी, त्याच दोन खांबांमधला व्हिडिओ परत घ्या. गाड्यांना अजूनही तीनच सेकंद लागत असतील तर ठेकेदाराचं बिल निघायच्या आत तसं लेखी कळवा.