लढत आखताना या चुका टाळा: एक ओगर, नऊ गॉब्लिन आणि फसलेले दोन रविवार

सोलापुरात मे महिन्यातल्या दुपारी घराबाहेर पडण्याचे धाडस सहसा कोणी करत नाही, आणि नेमक्या त्याच वेळी पूर्व भागातल्या एका मित्राच्या माळ्यावर आमचे डन्जन्स अँड ड्रॅगन्सचे, म्हणजे फासे टाकत कथा रचण्याच्या खेळाचे, टेबल भरते. डीएमची, म्हणजे कथा सांगून शत्रू चालवणाऱ्याची, खुर्ची बहुतेक वेळा माझ्याकडे असते. एका रविवारी खेळाडूंच्या दुसऱ्या लेव्हलच्या चार नायकांसमोर मी एकटा ओगर, म्हणजे एक धिप्पाड राक्षस, उभा केला. आठवडाभर त्याची तयारी केली होती, त्याला नाव दिले होते, त्याच्या गुहेचे वर्णन वहीत लिहून ठेवले होते. तिसऱ्या राऊंडच्या (राऊंड म्हणजे सगळ्यांचा एकेक टर्न, एकेक खेळी) सुरुवातीलाच तो कोसळला. तोवर त्याने सोटा दोनदा फिरवला होता आणि त्यातला एक वार हवेत गेला होता. कडक भाकरीवर शेंगा चटणी घेत एकाने विचारले, “एवढंच होतं काय बे?”

मी दुखावलो, आणि पुढच्या रविवारी नऊ गॉब्लिन, म्हणजे बुटके राक्षस, आणले. दुसरा राऊंड संपता संपता दोन नायक जमिनीवर होते, तिसरा खांबाआड लपला होता आणि भाकरीकडे कोणाचेच लक्ष नव्हते.

या दोन लढतींचे अनुभवगुण, म्हणजे शत्रू हरवल्यावर मिळणारे गुण, मात्र अगदी सारखे होते. २०१४ च्या नियमांनुसार ओगरचे ४५० आणि एका गॉब्लिनचे ५०, म्हणजे नऊ गॉब्लिनचेही ४५०. हिट पॉइंट, म्हणजे मार सोसण्याची क्षमता, तेही जवळपास तेवढेच, कारण ओगरचे ५९ आणि नऊ गॉब्लिनचे मिळून ६३. लढती आखताना होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ या उदाहरणात सापडते, म्हणून त्याचा हिशेब नीट मांडतो.

राक्षसाचा आकार मोजणे, त्याचे टर्न न मोजणे

नायकांचा एसी, म्हणजे वार लागण्यासाठी गाठावा लागणारा आकडा, सरासरी १६ धरू. ओगर हल्ल्याला ६ ची भर घालतो, त्यामुळे वीसबाजूच्या फाशावर १० किंवा जास्त पडले की त्याचा वार लागतो. ही शक्यता ५५ टक्के आहे आणि लागलेला वार सरासरी १३ हिट पॉइंट घेतो. राऊंडमागे हे नुकसान सातच्या आसपास येते. गॉब्लिनची भर ४ असल्याने त्याला १२ पडावे लागतात, म्हणजे शक्यता ४५ टक्के, आणि वार लागला तर सरासरी साडेपाच हिट पॉइंट जातात. हे नऊने गुणले की राऊंडमागे बावीस. चौघांचे मिळून सत्तरच्या आत हिट पॉइंट असलेल्या संघाचा जवळजवळ तिसरा हिस्सा एकाच राऊंडमध्ये जातो, तर ओगर त्याच वेळात दहावा हिस्सा कसाबसा घेतो.

उलट बाजूनेही पाहिले पाहिजे. ओगरचा एसी फक्त ११ आहे, त्यामुळे ५ ची भर असलेल्या नायकाचा वार चारांपैकी तीनदा लागतो. प्रत्येकाने लागलेल्या वारामागे आठ घेतले तरी राऊंडमागे चोवीस होतात आणि ५९ हिट पॉइंट अडीच राऊंडमध्ये संपतात. एकट्या शत्रूच्या बाजूने एकच गोष्ट असते: शेवटचा एक हिट पॉइंट उरलेला ओगरही पहिल्याइतक्याच जोराने मारतो, तर गॉब्लिनच्या टोळीचा मात्र प्रत्येक बळीबरोबर एक हल्ला कमी होतो. हा फायदा मिळण्यासाठी ओगर जिवंत राहावा लागतो, आणि चौघांच्या चार टर्नसमोर एका टर्नचा धनी फार वेळ तग धरत नाही. त्याला झोपवणारा, हसवणारा किंवा जागी खिळवणारा एखादा मंत्र लागला तर तो एक टर्नही जातो, आणि मग लढत उरत नाही, नुसती कापणी उरते.

२०१४ च्या नियमांत याच कारणासाठी शत्रूंच्या संख्येचा गुणक होता: एकट्याला १, दोघांना दीड, तीन ते सहांना २, सात ते दहांना अडीच. दुसऱ्या लेव्हलच्या चौघांसाठी मध्यम लढत ४०० ची, कठीण ६०० ची आणि जीवघेणी ८०० ची. ओगर ४५० वर, म्हणजे मध्यम. नऊ गॉब्लिन अडीचपट होऊन ११२५ वर, म्हणजे जीवघेण्याच्याही बरेच पुढे. मी गुणकाची ओळ वाचलीच नव्हती. २०२४ च्या सुधारित नियमांत हा गुणक काढून टाकला आहे. आकडेमोड त्यामुळे सोपी झाली हे खरे, पण गर्दीचा धोका काही कागदावरून खोडल्याने टेबलावरून जात नाही. नव्या नियमांनी खेळणाऱ्यांनी माणशी दोनपेक्षा जास्त शत्रू आणताना स्वतःच हात आखडता घ्यावा.

उपाय दोन आहेत. पहिला म्हणजे मोठ्या शत्रूला साथीदार देणे. तीच मंडळी तिसऱ्या लेव्हलला पोहोचल्यावर मी ओगरबरोबर तीन गॉब्लिन आणले. ६०० अनुभवगुण दुप्पट होऊन १२०० झाले, आणि त्या लेव्हलला ९०० ला कठीण व १६०० ला जीवघेणी लढत सुरू होते. सहा राऊंड चाललेली ती लढत अजून आमच्या गप्पांत येते. दुसरा उपाय म्हणजे एकट्या शत्रूलाच जास्त खेळ्या देणे. वरच्या पातळीच्या ड्रॅगनला इतरांच्या टर्नअखेरीस वापरण्यासाठी तीन लेजेंडरी ॲक्शन, म्हणजे जादा खेळ्या, आणि फसलेला बचाव यशस्वी करून घेण्याची दिवसातून तीनदा सोय असते, ती उगीच नाही. ओगरला एवढे काही लागत नाही. दर राऊंडला कोणाही एका नायकाच्या टर्ननंतर त्याने एकाला ढकलावे किंवा एक दगड भिरकवावा, एवढे पुरेसे होते. हिट पॉइंट दुप्पट करणे हा मात्र उपाय नव्हे. त्याने लढत अवघड होत नाही, फक्त लांबते.

एका दिवसात एकच लढत

लक्षण असे दिसते: प्रत्येक लढत जादूगार संपवतो, योद्धा मोबाईल पाहू लागतो, आणि शत्रू कितीही वाढवले तरी फरक पडत नाही. दोष शत्रूंमध्ये नसतो, दिवसाच्या आखणीत असतो. २०१४ च्या नियमांची बैठकच अशी होती की संघ एका दिवसात सहा ते आठ मध्यम किंवा कठीण लढती देईल आणि मध्ये साधारण दोनदा तासाभराची छोटी विश्रांती घेईल. आपल्याकडे चार तासांच्या बैठकीत एखाददुसरी लढत होते, आणि बैठक संपली की नायकही झोपले असे सगळे गृहीत धरतात. आठ तासांच्या झोपेने सर्व मंत्र परत येणार असतील, तर ते राखून ठेवण्याचा वेडेपणा जादूगाराने का करावा?

टेबलावरचा रविवार आणि कथेतला दिवस यांची फारकत करा. बैठक संपताना कोणाचे किती हिट पॉइंट आणि किती मंत्र उरले ते लिहून घ्या, आणि पुढच्या बैठकीत तिथूनच सुरू करा. त्याचबरोबर झोप न परवडण्याचे कारण कथेत ठेवा. सोलापूरकरांना याचा नमुना शोधायला दूर जावे लागत नाही. सिद्धरामेश्वरांच्या यात्रेतले सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, आणि ६८ लिंगांची प्रदक्षिणा डोळ्यांसमोर ठेवून मी एका काल्पनिक नगरातली जत्रा रचली होती. मिरवणुकीच्या काठ्या वेशीतून निघाल्या की ठरलेल्या ठिकाणी थांबत थांबत संध्याकाळी तळ्याकाठी पोहोचणार, आणि तिथे राजपुरोहितावर हल्ला होणार हे नायकांना ठाऊक. वाटेत पाच ठिकाणी चकमकी ठेवल्या होत्या आणि त्यातली एकही फार भारी नव्हती. काठ्या टेकल्या की तासभर दम खायला मिळे, पण आठ तास झोपायची सोयच नव्हती. पाचव्या चकमकीत जादूगाराकडे एकही मोठा मंत्र उरला नव्हता, आणि ज्या योद्ध्याला आम्ही विसरलो होतो त्यानेच दार अडवून धरले.

मोकळे मैदान

चौकटींचा कागद, मध्ये शत्रू आणि समोर नायक, अशी मांडणी केली की सगळे जवळ येऊन उभे राहतात आणि फासे पडत राहतात. आपल्या शहरात भुईकोट किल्ला असताना अशी मैदाने आखायची म्हणजे कमालच आहे. खंदक, दुहेरी तट, बुरूज आणि दरवाजा इतके साहित्य तिथे डोळ्यांसमोर आहे. अर्ध्या आडोशाने एसीत २ ची आणि पाऊण आडोशाने ५ ची भर पडते, म्हणजे जंग्यामागचा मामुली तिरंदाज एकाएकी कठीण होतो. अडचणीच्या जमिनीवर चालीचे अंतर दुप्पट मोजले जाते, म्हणून खंदकातला चिखल हा बिनहत्याराचा शत्रूच समजावा.

माझ्या आवडीची जागा मात्र मागांचा कारखाना. एकदा लढत अशाच शेडमध्ये ठेवली: मागांच्या दोन रांगांमधून एकालाच जाता येईल एवढी वाट, आणि खटखटाट एवढा की शेजारच्या चौकटीपलीकडे कोणाचा शब्द ऐकू जाणार नाही. खेळाडूंना आपसात बेत करता येईना. ज्या चोरपावली नायकाला ‘रोग’ म्हणतात, आणि ज्या नावावर आमच्याकडे दर वेळी कोणीतरी आजारपणाचा विनोद करतोच, तो मागांवर चढून ताण्यावरून पलीकडे गेला. शत्रूंची संख्या न वाढवता लढत अवघड झाली.

आडोसे देताना गर्दी एकाच दारात कोंबू नका. पाचव्या लेव्हलच्या जादूगाराचा आगीचा गोळा २० फूट त्रिज्येत सहाबाजूच्या ८ फाशांचे नुकसान करतो, आणि दारात ताटकळलेली टोळी त्याला आयती मिळते. शत्रूंना मागची वाट ठेवा.

चॅलेंज रेटिंगवर आंधळा विश्वास

चॅलेंज रेटिंग म्हणजे शत्रू किती अवघड ते सांगणारा आकडा. तो सरासरी संघासाठी असतो आणि आपला संघ सरासरी असेलच असे नाही. २०१४ चा शॅडो अर्ध्या रेटिंगचा, पण त्याचा प्रत्येक वार ताकदीचा गुण १ ते ४ ने कमी करतो आणि ताकद शून्यावर आली की मृत्यू ठरलेला. ताकद ८ असलेला जादूगार दोन-चार वारांत जातो, मग त्याचे हिट पॉइंट कितीही उरलेले असोत. ट्रोल दर टर्नला १० हिट पॉइंट भरून काढतो आणि ते फक्त आग किंवा आम्लानेच थांबते. संघाकडे यांपैकी काही नसेल तर ट्रोल आणण्याआधी कुठेतरी तेलाचे बुधले आणि मशाली सापडू द्या.

पहिल्या लेव्हलला तर अधिकच जपावे लागते. एक रेटिंगचा बगबेअर सरासरी ११ घेतो आणि बेसावध गाठले तर आणखी ७. आठ हिट पॉइंटच्या जादूगाराला एका फटक्यात १६ लागले की तो बेशुद्ध न पडता थेट मरतो, कारण उरलेले नुकसान त्याच्या कमाल हिट पॉइंटइतके झालेले असते. पहिल्या बैठकीत बगबेअरने कोणालाही बेसावध गाठू नये, हे माझे मत आहे आणि त्यात मी सूट देत नाही.

लग्नसराईत पाचांपैकी तीनच खेळाडू आले तर गैरहजर माणशी एक शत्रू कमी करा. पाथफाइंडर या याच धर्तीच्या खेळाच्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत हे थेट आकड्यांत आहे: चौघांची मध्यम लढत ८० गुणांची, आणि एक खेळाडू कमी झाला की त्यातून २० वजा.

शेवटच्या गॉब्लिनपर्यंत लढणे

निकाल दुसऱ्या राऊंडला कळलेला असतो आणि फासे सहाव्यापर्यंत पडत राहतात. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या १९८१ च्या बेसिक नियमांत यावर साधा इलाज होता. प्रत्येक शत्रूला धैर्याचा आकडा असे, टोळीतला पहिला पडला की आणि अर्धी टोळी गारद झाली की डीएम दोन सहाबाजूचे फासे टाकी, आणि बेरीज त्या आकड्याहून जास्त आली तर ते पळत किंवा शरण येत. हा नियम कोणत्याही आवृत्तीला जोडता येतो. पळालेला गॉब्लिन पुढच्या बैठकीत साथीदार घेऊन येतो, हा वरचा फायदा.

पडद्याआड हिट पॉइंट बदलणे

लढत बिघडते आहे असे दिसले की डीएमचा हात शिवशिवतो. ओगर लवकर मरतोय, द्या आणखी वीस. नायक मरतायत, हा वार लागला नाही म्हणा. मी हे वर्षभर केले आणि एकाने शांतपणे वहीतली बेरीज दाखवली तेव्हा थांबलो. आता फासे सगळ्यांसमोर टाकतो. हात घालायचाच असेल तर कथेत घाला: जिंकत असलेल्या गॉब्लिनना मुडदे नको असतात, खंडणी हवी असते, म्हणून ते बेशुद्ध नायकाला मारत बसण्यापेक्षा ओढून नेतात. बेशुद्ध नायकाला जवळून बसलेला प्रत्येक वार मृत्यूच्या बचावातली दोन अपयशे धरला जातो आणि तिसऱ्या अपयशाला खेळ संपतो, त्यामुळे पडलेल्यावर वार करणारा शत्रू आणायचा असेल तर तो तसा आहे हे आधी कोणाच्या तरी तोंडून कळू द्या.

लढत संपल्यावर मी वहीत चार गोष्टी लिहितो: किती राऊंड झाले, सर्वांत कमी हिट पॉइंट कोणाचे, काय उरले आणि कोण कंटाळले. गेल्या रविवारची नोंद अशी आहे: पाच राऊंड, क्लेरिक (संघातला पुजारी) ३ हिट पॉइंटवर, एक मोठा मंत्र शिल्लक, कोणी नाही, पण भाकरी गार झाली.