रजिस्टरात 'निरंक', टाक्यांत पू: हर्नियाच्या ऑपरेशननंतरच्या या चुका टाळा

हर्नियाचे काका दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी जातात. पू दिसतो आठ-दहा दिवसांनी. तोवर काका जुन्नरला किंवा भोरला पोचलेले असतात आणि ड्रेसिंग तिथलेच डॉक्टर करतात. इकडे पुण्यातल्या रजिस्टरात 'इन्फेक्शन: निरंक'. मी इन्फेक्शन कंट्रोलचं काम बघते. या निरंकवर मीही बरेच महिने खूश होते.

मोजणी डिस्चार्जला थांबवू नका. वरवरच्या जखमेसाठी ३० दिवस आणि जाळी बसवलेल्या पेशंटचं खोलवरचं इन्फेक्शन पकडायला ९० दिवस लक्ष ठेवावं लागतं. दहाव्या दिवशी फोन करा, पण "बरं आहे ना?" असं विचारू नका. काका "हो" म्हणून मोकळे होतात. लाली वाढतेय का, बनियनला डाग लागतो का, कुणी नवीन गोळ्या दिल्या का, हे विचारा. जमलं तर काकूंनाच विचारा.

दुसरी चूक वस्तऱ्याची. आदल्या रात्री वॉर्डातले मामा शेव्हिंग करतात, कातडीला बारीक चिरा पडतात आणि रात्रभर त्यांत जंतू वाढतात. केस काढायचेच असतील तर त्याच दिवशी, क्लिपरने. सर्क्युलर काढून काही होत नाही, मी काढून पाहिलंय. वॉर्डाच्या इंडेंटमधून (सामानाच्या मागणी यादीतून) वस्तरे काढून टाका. पेशंटलाही ओपीडीतच सांगा, कारण बरेच जण घरूनच दाढीच्या ब्लेडने 'तयारी' करून येतात.

अँटिबायोटिक वॉर्डात देऊन पाठवलं आणि ओटीची (ऑपरेशन थिएटरची) लिस्ट दोन तास लांबली, तर तो डोस वेळेवर धरता येत नाही. सेफाझोलिन २ ग्रॅम, चीर घेण्याआधीच्या ६० मिनिटांत, ओटीतच. हे काम भूलतज्ज्ञांकडे द्या आणि वेळ लिहा. चेकलिस्टवरच्या खुणा केस संपल्यावर एकदम करायच्या असतील, तर ती न भरलेलीच बरी. नंतर 'सेफ्टीसाठी' पाच दिवस गोळ्या देण्याने जखमेचं इन्फेक्शन टळत नाही.

ऑपरेशनआधी कातडीला क्लोरहेक्सिडिन-स्पिरिट हे जंतुनाशक लावल्यावर किमान तीन मिनिटं वाळू द्या. टॉवेलने पुसू नका. ओल्यावर कॉटरी (रक्त थांबवणारं विजेचं उपकरण) लावली तर आग लागू शकते.

साखर आटोक्यात नसेल, तंबाखू किंवा सिगारेट चालू असेल, तर तातडी नसलेलं ऑपरेशन थोडं पुढे ढकला. सिगारेट चार आठवडे तरी बंद हवी. अडकलेला हर्निया मात्र थांबत नाही.

एवढं करूनही इन्फेक्शनचा आकडा वाढला, तर लगेच फ्युमिगेशनच्या (ओटीत जंतुनाशक वाफ सोडण्याच्या) मागे लागू नका. आधी त्या पेशंटचे केसपेपर शेजारी शेजारी मांडा: डोसची वेळ, केस कसे काढले, कोणतं टेबल, कोणता सेट. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर तीन-चार आठवड्यांनी छिद्राजवळ गाठ आली, पाणी झिरपतंय आणि नेहमीची औषधं लागू पडत नाहीत, असं असेल तर साध्या कल्चरवर थांबू नका. लॅबला मायकोबॅक्टेरियाची (टीबीच्या जातकुळीतले, पाण्यातही राहणारे जंतू) तपासणी मागा. आणि ग्लुटारल्डिहाइड या जंतुनाशक द्रावणातून काढलेली दुर्बीण कोणत्या पाण्याने धुतली जाते, ते स्वतः ओटीत उभं राहून बघा. सांगताना सगळेच 'स्टराइल' म्हणतात.