जीपीए कमी असताना अमेरिकेत स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजीच्या मास्टर्सला प्रवेश कसा मिळवावा

अमेरिकेत स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे वाचा आणि भाषेच्या अडचणींवर उपचार करणारे थेरपिस्ट, म्हणून स्वतंत्रपणे काम करायचं तर मास्टर्स करावंच लागतं. बॅचलर्सवर फार तर असिस्टंट होता येतं. त्यामुळे बॅचलर्स झालेले जवळजवळ सगळेच मास्टर्ससाठी अर्ज करतात, आणि जागा मात्र मोजक्या असतात. अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशन या संघटनेच्या प्रमाणपत्रासाठी प्रत्येक विद्यार्थ्याला ४०० तासांचा क्लिनिकल अनुभव लागतो. त्यातले २५ तास निरीक्षणाचे आणि ३७५ तास प्रत्यक्ष रुग्णांबरोबरचे. या तासांवर देखरेख करायला सुपरवायझर हवेत आणि प्रॅक्टिससाठी शाळा, दवाखाने हवेत. ते मर्यादित असल्यामुळे प्रोग्रॅमची इच्छा असली तरी वर्ग वाढवता येत नाही. म्हणूनच ४ पैकी ३.० किंवा ३.२ जीपीएची (ग्रेडच्या सरासरीची) कष्टाळू मुलंही मागे राहतात.

अशा विद्यार्थ्यांना बहुतेक जण आधी अर्जासोबतचा निबंध सुधारायला सांगतात. माझं मत वेगळं आहे. जीपीए कमी असेल तर सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो कुठे अर्ज करायचा हे ठरवण्यात. बाकीची कामं त्यानंतर.

आधी स्वतःचे आकडे कागदावर मांडा

‘माझा जीपीए २.९ आहे’ एवढं सांगून भागत नाही, कारण प्रोग्रॅम तीन-चार वेगवेगळे जीपीए बघतात: एकूण, फक्त याच विषयाच्या कोर्सेसचा, आणि शेवटच्या ६० क्रेडिट्सचा. पहिल्या वर्षी घसरून नंतर सावरलेल्या विद्यार्थ्याला हा शेवटचा आकडा तारतो.

एक हिशेब करून बघू. समजा १२० क्रेडिट्समध्ये २.९ आहे, म्हणजे ३४८ गुणांक (क्रेडिट्स गुणिले ग्रेडचे गुण; ए म्हणजे ४). पदवीनंतर २४ क्रेडिट्सचे कोर्स केले आणि सगळ्यांत ए मिळवला, तर ९६ गुणांक वाढले. एकूण ४४४, भागिले १४४, म्हणजे ३.०८. एवढा घाम गाळून दोन दशांशसुद्धा पूर्ण वाढले नाहीत. आता शेवटची ६० क्रेडिट्स बघा. हे नवे २४ आणि त्याआधीचे ३६, ज्यांत ३.२ होता असं धरू. आता सरासरी आली ३.५२. विद्यार्थी एकच, कष्ट तेवढेच, पण शेवटची ६० क्रेडिट्स बघणाऱ्या प्रोग्रॅमला तो अगदी वेगळा दिसतो.

अमेरिकेतले बहुतेक अर्ज ‘सीएसडीकॅस’ या सामायिक पोर्टलवरून जातात. विद्यापीठाने रिपीट केलेल्या कोर्सचा जुना ग्रेड ट्रान्सक्रिप्टवर काढून टाकला असला तरी सीएसडीकॅसच्या हिशेबात दोन्ही प्रयत्न धरले जातात. त्यामुळे सी मिळालेले सगळे कोर्स सरसकट पुन्हा करण्यात अर्थ नाही. फोनेटिक्स, बोलण्या-ऐकण्याच्या अवयवांची शरीररचना, लँग्वेज डेव्हलपमेंट, ऑडिऑलॉजी यांसारख्या मुख्य विषयात कमी ग्रेड असेल तर तेवढाच रिपीट करा. बाकी शक्ती नवीन, वरच्या पातळीच्या कोर्सेसवर लावा.

यादी करताना नावाला भुलू नका

देशभरात मान्यताप्राप्त प्रोग्रॅम अडीचशेहून जास्त आहेत, तरी सगळे तीच वीस-पंचवीस नावं घेतात. या क्षेत्रात नोकरी देणारी शाळा किंवा हॉस्पिटल तुम्ही कुठून शिकलात यापेक्षा लायसन्स आणि प्रमाणपत्र आहे का ते बघतं. शिक्षण संपल्यावर ‘प्रॅक्सिस’ ही परीक्षा सगळ्यांना सारखीच, आणि त्यानंतरची किमान ३६ आठवड्यांची क्लिनिकल फेलोशिपही (देखरेखीखाली केलेलं काम) सारखीच.

बघायचं ते एवढंच, की या क्षेत्रातल्या प्रोग्रॅमना मान्यता देणाऱ्या सीएए या संस्थेची मान्यता आहे का. नसेल तर स्वस्त असो की जवळ, तिकडे फिरकू नका. नव्या प्रोग्रॅमला पूर्ण मान्यतेआधी ‘कॅंडिडसी’चा (प्राथमिक मान्यतेचा) दर्जा मिळतो, आणि अशा प्रोग्रॅममधून पास झालेल्यांनाही प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. नव्या प्रोग्रॅमचं नाव अजून फारसं कुणाला माहीत नसतं, त्यामुळे तिथे गर्दी अनेकदा कमी असते. यादीत असे एक-दोन जरूर असावेत.

अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशनच्या वेबसाइटवर ‘एडफाइंड’ नावाची सोय आहे. तिथे बहुतेक प्रोग्रॅमकडे किती अर्ज आले, किती जणांना ऑफर गेली, ऑफर मिळालेल्यांचा जीपीए साधारण कुठपासून कुठपर्यंत होता, हे दिसतं. एक तक्ता करा आणि प्रत्येक प्रोग्रॅमपुढे पाच गोष्टी लिहा: ऑफर मिळालेल्यांचा सगळ्यात खालचा जीपीए, अर्जांच्या तुलनेत ऑफर किती, कोणता जीपीए बघतात, जीआरई (मास्टर्सची सामायिक प्रवेश परीक्षा) लागते का, आणि मुलाखत घेतात का. तुमचा आकडा त्यांच्या सगळ्यात खालच्या आकड्याच्याही खाली असेल तर ते नाव खोडा, मनाला कितीही लागलं तरी. मुलाखत घेणाऱ्यांपुढे मात्र खूण करा, कारण तिथे कागदापलीकडचं दाखवायची संधी मिळते. मोठ्या शहरांपासून दूरच्या, लहान गावांतल्या सरकारी विद्यापीठांकडे विशेष लक्ष द्या. तिथे हिवाळा कडक असेल आणि मराठी मंडळ नसेल, पण दोन वर्षांचाच प्रश्न आहे.

जीआरई बऱ्याच प्रोग्रॅमनी गेल्या काही वर्षांत बंद किंवा ऐच्छिक केली आहे. तुम्ही परीक्षेत चांगले असाल तर ऐच्छिक ठिकाणीही स्कोअर पाठवा. जीपीए कमी असलेल्याकडे अभ्यासाची क्षमता आकड्यात दाखवायची ही एक जागा उरते. स्कोअर बेताचा असेल तर ती न मागणारे प्रोग्रॅम निवडा आणि तो वेळ कामाला द्या.

विषय वेगळा असेल तर

बॅचलर्स मायक्रोबायॉलॉजीत, इंजिनिअरिंगमध्ये किंवा मराठी वाङ्मयात झालं असलं तरी वाट बंद नाही. आधी ‘लेव्हलिंग’चे कोर्स, म्हणजे या विषयाचे बॅचलर्सचे मूळ कोर्स, करावे लागतात. युटा स्टेट, ईस्टर्न न्यू मेक्सिको, लाँगवुड अशी विद्यापीठं ते ऑनलाइन शिकवतात. याशिवाय जीवशास्त्र, संख्याशास्त्र, रसायन किंवा भौतिकशास्त्र, आणि मानसशास्त्रासारखा एक सामाजिक विषय लागतो. तुमचा जुना जीपीए खराब असेल तर हे कोर्स म्हणजे कोरी पाटी आहे, म्हणून नोकरी-संसार सांभाळून एका वेळी दोनच घ्या, पण ए मिळवा. घाईत पाच घेऊन बी-मायनसांची रांग लावलीत तर प्रवेश समितीला आधीच असलेली शंका पक्की होते.

अनुभव असा मिळवा की त्यावर बोलता येईल

टेक्सास, कॅलिफोर्निया अशा राज्यांत असिस्टंटचं स्वतंत्र लायसन्स किंवा नोंदणी मिळते. अटी राज्यागणिक बदलतात. वर्षभर असिस्टंट म्हणून काम केलेल्या अर्जाला वजन येतं, कारण पुढे शिफारसपत्र देणारी व्यक्ती तुम्हाला रोज मुलांबरोबर बघत असते. ते जमत नसेल तर शाळेत स्पेशल एज्युकेशनच्या वर्गात मदतनीस व्हा, किंवा ४० तासांचं प्रशिक्षण घेऊन ऑटिस्टिक मुलांबरोबर काम करणारे बिहेविअर टेक्निशियन व्हा. पक्षाघातानंतर वाचा गेलेल्यांचे अफेजिया गट असतात, तोतरेपणा असलेल्यांचे मदतगट असतात. तिथे नियमित जाणं हे दहा ठिकाणी एकेक दिवस डोकावण्यापेक्षा कितीतरी मोलाचं.

निबंधात एक प्रसंग, जवळून

‘मला लहानपणापासून लोकांना मदत करायला आवडतं’ हे वाक्य समितीने त्या दिवशी अनेकदा वाचलेलं असतं. त्यापेक्षा हे बघा:

‘चार वर्षांचा मुलगा बोलत नव्हता. त्याच्यासमोर टॅबलेट होता, त्यावर चित्रांची बटणं. थेरपिस्टने साबणाचे फुगे उडवले आणि हात थांबवला. मी पटकन “आणखी हवेत का?” विचारणार होते, तिने मला खुणेने थांबवलं. दहा सेकंद कुणी काही बोललं नाही. मग त्याने “आणखी” हे बटण दाबलं. मी बोलले असते तर त्याची संधी मी घेतली असती, हे मला तेव्हा कळलं.’

यात मदतीची आवड हा शब्दही नाही, पण लिहिणारीला थेरपीतलं काहीतरी नेमकं समजलं आहे हे दिसतं. मराठी घरात वाढलेल्यांकडे आणखी एक खरा विषय असतो. मराठीत इंग्रजीतल्या ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’च्या ध्वनींसाठी एकच ‘व’ आहे, म्हणून मराठी घरातलं मूल ते दोन्ही सारखेच उच्चारतं. हा भाषेचा फरक आहे, वाचादोष नाही. शाळेत अशा मुलाला थेरपीची गरज आहे की नाही हे ओळखणं थेरपिस्टच्या कामाचा गाभा आहे. दोन भाषांत वाढल्याचं असं काही तुम्ही प्रत्यक्ष पाहिलं असेल तर ते जरूर लिहा, फक्त ‘मी बहुभाषिक आहे’ म्हणून सोडू नका.

कमी जीपीएचं काय करायचं? दोन-तीन वाक्यांत कारण सांगा, नंतर काय बदललं ते सांगा, आणि पुढे जा. घरात आजारपण होतं, नोकरी करत शिकत होते, पहिल्या वर्षी भलत्याच विषयात अडकले होते, जे खरं असेल ते. प्राध्यापकांवर खापर फोडू नका. अर्जात त्यासाठी वेगळी जागा दिली असेल तर तिथेच लिहा आणि मुख्य निबंध मोकळा ठेवा.

शिफारसपत्रं

साधारण तीन लागतात. ए देणाऱ्या पण तुमचं नाव विसरलेल्या प्राध्यापकापेक्षा, बी देणारे पण दर आठवड्याला तुमच्या शंका सोडवणारे प्राध्यापक चांगले. निदान सहा आठवडे आधी विचारा आणि सोबत एक पानभर माहिती द्या: कोणता कोर्स, कोणता प्रकल्प, त्यांच्यासमोर तुमच्यात काय सुधारलं. पत्र बघण्याचा हक्क सोडल्याची खूण पोर्टलवर करा. न केल्यास पत्राला वजन कमी मिळतं.

भारतातून किंवा एच-फोर व्हिसावर असाल तर

मुंबईच्या अली यावर जंग संस्थेतून, पुण्यातून किंवा म्हैसूरच्या ‘आयिश’ या वाचा-श्रवण संस्थेतून बीएएसएलपी (याच विषयाची भारतीय पदवी) केलेल्यांचे मूळ विषय झालेले असतात, ही मोठी जमेची बाजू. टक्के बघून आधीच हात-पाय गाळू नका. परदेशी पदव्या तपासणाऱ्या मूल्यांकन संस्था भारतीय विद्यापीठाची गुणपद्धत लक्षात घेऊन विषयवार ग्रेड ठरवतात, त्यामुळे आपल्याकडचे ६२ टक्के तिकडे वाटतात तेवढे वाईट दिसत नाहीत. विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट आणि मग विषयवार मूल्यांकन यात महिने जातात, म्हणून ते काम सगळ्यात आधी सुरू करा. इंटर्नशिपच्या तासांची नोंद आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद)-नोंदणीकृत सुपरवायझरच्या सहीसह ठेवा. अमेरिकन संघटनेचा काही देशांशी परस्पर मान्यतेचा करार आहे, भारत त्यात नाही.

एच-फोरवर (एच-वन-बीवर काम करणाऱ्याच्या कुटुंबीयांचा व्हिसा) शिकता येतं, व्हिसा बदलावा लागत नाही. पण वर्क परमिट नसेल तर पगारी असिस्टंटशिप किंवा शेवटची फेलोशिप करता येत नाही. एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर शिकलात तर पदवीनंतरच्या १२ महिन्यांच्या ओपीटीत (काम करण्याच्या परवानगीत) ३६ आठवड्यांची फेलोशिप बसते. अर्ज करण्याआधीच हा हिशेब वकिलाकडून किंवा विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागाकडून पक्का करून घ्या. आणि ऑनलाइन प्रोग्रॅमवर विद्यार्थी व्हिसा मिळत नाही, हे विसरू नका.

अर्ज, आणि त्यानंतर

पोर्टल उन्हाळ्यात उघडतं, बहुतेक मुदती डिसेंबर ते फेब्रुवारीत असतात. सीएसडीकॅस प्रत्येक कोर्स तपासतं आणि त्याला काही आठवडे लागतात. काही प्रोग्रॅमना मुदतीच्या दिवशी तपासून झालेला अर्ज हवा असतो, फक्त पाठवलेला चालत नाही. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत सगळं पाठवलंत तर डोक्याला ताप राहत नाही.

मार्चमध्ये वेटलिस्टचं पत्र आलं तर तो नकार समजू नका. अनेक प्रोग्रॅम निर्णयासाठी १५ एप्रिल ही तारीख पाळतात, आणि दोन-तीन ऑफर हातात धरून बसलेले विद्यार्थी त्या सुमारास जागा सोडतात. तुमचा प्रोग्रॅम अशी पत्रं स्वीकारत असेल तर वेटलिस्टवर आल्यावर आठवडाभरात अर्ध्या पानाचं पत्र पाठवा: अजून इच्छा आहे, अर्जानंतर हे कोर्स संपवले आणि हे ग्रेड मिळाले, जागा मिळाल्यास मी येईन. हे शेवटचं वाक्य एकाच प्रोग्रॅमला लिहा, आणि खरंच जाणार असाल तरच. १५ एप्रिलच्या आसपासचे दिवस फोन जवळ ठेवा, ईमेलचा स्पॅम फोल्डर रोज बघा. ऑफर आली तर उत्तरासाठी कधीकधी एक-दोन दिवसच मिळतात, म्हणून पैशांचा आणि घरच्यांशी बोलण्याचा भाग आधीच उरकून ठेवा.

सगळीकडून नकार आला तर मे महिन्यात, गडबड ओसरल्यावर, दोन-तीन प्रोग्रॅमना नम्रपणे विचारा की अर्जात काय कमी पडलं. काही जण उत्तर देत नाहीत, काही अगदी नेमकं सांगतात. ते उत्तर आणि तो जुना तक्ता समोर ठेवून जूनमध्येच पुढची यादी करायला घ्या, म्हणजे उन्हाळ्यात आणखी दोन कोर्स आणि शाळा उघडताच नोकरी, दोन्ही नव्या अर्जात दाखवता येतील.